मंदी आली तर विमानतळाचं काय होतं? (निमित्त : मेहुण्यांच्या दोन गाड्या)

तलावपाळी
मंडळी, सल्ला हवाय आणि थोडी माहितीही.

माझे मेहुणे रबाळ्याच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आलेत. पन्नाशी अजून गाठली नाही, घरी बसवत नाही. आता डोक्यात बसलंय की पिवळ्या पाटीच्या दोन गाड्या काढायच्या. एक स्वतः चालवायची, दुसरीवर ड्रायव्हर ठेवायचा आणि नवी मुंबई विमानतळाची भाडी मारायची. हिशोब वहीत मांडलाय : पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवासी, त्यातले इतके ठाणे-कळवा-मुलुंडचे, त्यातले इतके गाडीने जाणारे... शेवटची ओळ वाचून मलाच नोकरी सोडाविशी वाटली.

पण क्षमता म्हणजे प्रवासी नव्हेत. बाजाराची हवा बरी दिसत नाही, आयटीत माणसं कमी करताहेत. मंदी आली की विमानतळावर नक्की काय काय होतं? विमानं कमी होतात का? तिकिटं स्वस्त होतात की महाग? आधी मार कुणाला बसतो? २००८ किंवा त्यानंतरचं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. ‘गाड्या घेऊ नका’ एवढंच लिहायचं असेल तर ते आमच्या घरी दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर मिळतं.

घोडबंदरचा_राजा
मंदी आली तर घोडबंदर रोडवरचे ट्रेलर कमी होतील आणि आम्हाला एकदाचं विमान वेळेवर पकडता येईल. माझा पाठिंबा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवांत_नेरूळ
कसली मंदी घेऊन बसलात! २०१४ मध्ये देशांतर्गत विमान प्रवासी सात कोटीही नव्हते, २०२४ मध्ये सोळा कोटींच्या वर गेले. लोक शिर्डीला विमानाने जातात आता. मेहुण्यांना सांगा, दोन नाही, चार घ्या.

कार्गोकाका
निवांत, आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही सोयीची दोन टोकं पकडलीत. मधले खड्डे बघा.

२००८ मध्ये देशांतर्गत प्रवासी आदल्या वर्षापेक्षा कमी झाले होते. मुंबई विमानतळावर २००७-०८ मध्ये अडीच कोटींहून जास्त माणसं आली-गेली, २००८-०९ मध्ये ती २.३४ कोटींच्या आसपास आली. तेही एकट्या मंदीने नाही. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरला टेकलं, तिकिटं भडकली. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली, नोव्हेंबरात २६/११. एकावर एक. मग २०१९. तेव्हा कुणी मंदी म्हणायला तयार नव्हतं, पण देशांतर्गत वाढ चार टक्क्यांच्या आत आली. त्याच्या आदल्या वर्षी ती अठरा टक्क्यांच्या वर होती.

आता माझ्या धंद्याचं. मी सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, एअर कार्गोत बरीच वर्षं काढली. मंदी प्रवाशांत दिसायच्या आधी मालात दिसते. २००९ मध्ये जगभरात विमान प्रवास साडेतीन टक्क्यांनी घटला आणि विमानाने जाणारा माल दहा टक्क्यांनी. कारण सोपं आहे. विमानाने जातो तो घाईचा माल. जगाच्या व्यापारात वजनाने तो जेमतेम एक टक्का, किमतीने मात्र तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ऑर्डर मंदावली की कारखानदार म्हणतो, आता कसली घाई, कंटेनरने जाऊ दे.

२००८ च्या दिवाळीआधी आम्हाला काय दिसलं सांगतो. एरवी जागा मागायला आम्ही एअरलाइनच्या सेल्सवाल्याला फोन करायचो आणि तो उचलायचा नाही. एके दिवशी तोच आमच्या ऑफिसात आला. स्वतःहून. खुर्चीत बसून विचारतो, काही पेटी-बिटी आहे का, रेटचं बघू. आमचा शिपाई त्याला ओळखत नव्हता, कारण आवाजापलीकडे त्याला कुणी पाहिलेलंच नव्हतं! त्याच आठवड्यात कार्गो गेटबाहेरची ट्रकची रांग कमी झाली. वर्तमानपत्रात मंदी यायला अजून अवकाश होता.

मामलेदार_तिखट
काकांना दंडवत. हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे.

क्युबिकल_ऐरोली
कॉर्पोरेटमध्ये मंदी मेलने येते. विषय : ‘ट्रॅव्हल पॉलिसीमध्ये तात्पुरता बदल’. तात्पुरता हा शब्द दिसला की समजायचं, वर्षभराची निश्चिंती.

क्रम ठरलेला असतो. आधी बिझनेस क्लास जातो. मग ‘क्लायंटसमोर असाल तरच’. मग बंगळुरूची मीटिंग व्हिडिओ कॉलवर. मग प्रत्येक तिकिटाला व्हाइस प्रेसिडेंटची मंजुरी, आणि ती येते विमान उडाल्यावर. आमच्या मजल्यावरची मंडळी आधी सोमवारी पहाटे जाऊन रात्री परत यायची. हल्ली सोमवारी सगळे कॅन्टीनमध्ये भेटतात. कुणीही ‘मंदी’ म्हटलेलं नाही. एचआर तिला ‘शिस्त’ म्हणते.

निवांत_नेरूळ
हे मान्य, पण आयटीवाले गेले तर त्या सीटवर गोव्याला जाणारं कुटुंब बसतं. विमान भरलेलंच ना? सीट रिकामी ठेवायला विमान कंपनी वेडी नाही.

हिशोबनीस
विमान भरलेलं असतं, पैसे भरलेले नसतात. पहाटेच्या विमानात आदल्या दिवशी तिकीट काढणारा माणूस जेवढे देतो, तेवढ्यात तीन महिने आधी सेल लागल्यावर काढलेली दोन-तीन तिकिटं येतात. म्हणून मंदीच्या सुरुवातीला तिकिटं स्वस्त होतात आणि सगळ्यांना वाटतं, मजा आहे.

पुढचा अंक वेगळा असतो. भाडी पाडून पाडून एखादी कंपनी दमते. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. जेटची शंभराहून जास्त विमानं बाजारातून गेली आणि त्या उन्हाळ्यात मुंबईहून तिकिटं कडाडली. थोडक्यात, आधी स्वस्त, मग महाग. तलावपाळी, तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर झालं.

आपल्याकडे अजून एक पेच आहे. मंदीत कच्चं तेल उतरतं, म्हणजे विमान कंपन्यांना दिलासा मिळायला हवा. २००८ च्या अखेरीस ते ४० डॉलरच्या खाली आलंही होतं. पण मंदीत रुपयाही घसरतो, आणि भाड्याने घेतलेल्या विमानांचे पैसे डॉलरमध्ये द्यायचे असतात. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने जातं. शिवाय राज्याचा व्हॅट आहेच. २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडसाठी विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. नवा विमानतळ नावाने नवी मुंबईचा असला तरी पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडातच येतो.

घोडबंदरचा_राजा
म्हणजे मेहुण्यांनी टॅक्सी सोडून विमानाला इंधन विकावं असं आहे का?

तलावपाळी
राजे, त्यांना असं काही सुचवू नका, ते वही उघडतील.

हिशोबनीस, विमान कंपनीचं कळलं. विमानतळाचं काय? जेट बुडाली पण सहार तर चालूच राहिला.

हिशोबनीस
विमान उडून दुसरीकडे नेता येतं, धावपट्टी नेता येत नाही. शंभर विमानं उतरोत की वीस, अग्निशमनची गाडी तयार लागते, धावपट्टीचे दिवे लागतात, एसी लागतो, कर्जाचे हप्ते लागतात. तुमच्या सोसायटीतले निम्मे फ्लॅट रिकामे झाले तरी लिफ्टचं कंत्राट तेवढंच राहतं आणि मेंटेनन्स उरलेल्यांवर वाटला जातो, तसं आहे हे. त्यात सरकारचा हिस्सा वेगळा. मुंबई विमानतळ खासगीकडे गेला तो उत्पन्नातले ३८.७ टक्के विमानतळ प्राधिकरणाला देण्याच्या बोलीवर. नफ्यातले नाहीत, उत्पन्नातले. नवी मुंबईत सिडकोला १२.६० टक्क्यांची बोली होती.

मग वाटणी कशी होते ते ऐका. २००९ च्या एप्रिलपासून मुंबईत ‘विकास शुल्क’ लागलं, देशांतर्गत १०० रुपये, आंतरराष्ट्रीय ६००. दिल्लीत २०० आणि १३००. प्रवासी कमी झालेले, जमिनीचा बाजार बसलेला, टर्मिनलचं बांधकाम अर्ध्यावर आणि पैशांची तूट. ती प्रवाशाच्या खिशातून भरायची ठरली. ऐन मंदीत! सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते शुल्क बेकायदा ठरवलं, पण तोवर लोकांनी भरलेलंच होतं.

आता दर ठरवायला ‘एरा’ हे नियामक प्राधिकरण आहे. ते साधारण पाच वर्षांचा हिशोब धरतं आणि प्रवासी अंदाजापेक्षा कमी आले तर राहिलेली वसुली पुढच्या पाच वर्षांच्या दरात घालता येते. म्हणजे मंदीत घरी बसलेल्याचं बिल नंतर उडणाऱ्याच्या तिकिटात. नवी मुंबईला सुरुवातीचा तात्पुरता दरच, निघणाऱ्या प्रवाशामागे, देशांतर्गत ६२० आणि आंतरराष्ट्रीय १,२२५ रुपये होता. नवा विमानतळ, नवं कर्ज, आणि वाटून घ्यायला माणसं अजून कमी.

मामलेदार_तिखट
६२० रुपयांत आमच्याकडे आख्खी गल्ली मिसळ खाईल.

भटक्या_खारघर
रिकाम्या विमानतळाचा विषय निघालाच आहे तर स्पेनमधलं सियुदाद रेआल सांगायलाच हवं. माद्रिदच्या दक्षिणेला, एक अब्ज युरोच्या वर खर्च, धावपट्टी चार किलोमीटरची. उघडलं कधी? २००८ च्या शेवटी! प्रवासी आलेच नाहीत. २०१२ मध्ये बंद. २०१५ च्या लिलावात एकच बोली आली, दहा हजार युरोची. आपल्या वाशीत त्या पैशात चांगल्या जागी दुकानाचं डिपॉझिटही होणार नाही. ती बोली शेवटी टिकली नाही, पण बातमी जगभर झाली. पुढे करोनात तिथे उभी करून ठेवलेली विमानं सांभाळायचा धंदा मिळाला.

आपल्या इथे अवाढव्य पैसा ओतलाय. मंदी आली तर हेच व्हायचं.

निवांत_नेरूळ
भटक्या, तुलनाच गैरलागू आहे. तिथे शहर पाऊण लाखाचं आणि माद्रिदचा विमानतळ तुडुंब नव्हताच. इथे सहारला धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजाराहून जास्त विमानं चढली-उतरली. वर्षानुवर्षं स्लॉट (चढ-उताराची ठरलेली वेळ) मागणाऱ्यांना नाही म्हणावं लागलं. इथे दबलेली मागणी आहे, तिथे नव्हतीच.

कार्गोकाका
यावेळी निवांतशी सहमत, हे लिहून ठेवा. फक्त एक शेपूट : दबलेली मागणी मंदीत सैल होते. सहारलाच जागा मोकळी झाली तर अंधेरी-बोरिवलीचा माणूस उलव्यापर्यंत, म्हणजे नव्या विमानतळापर्यंत, कशाला येईल? दोन विमानतळ असले की आकसताना बाहेरचा आधी आकसतो. मात्र ठाण्याच्या माणसाचं तसं नाही, त्याला दोन्ही सारखेच लांब.

घोडबंदरचा_राजा
काका, शेवटचं वाक्य फ्रेम करून माजिवड्याच्या नाक्यावर लावतो.

उलव्याची_सून
सगळे ‘प्रवासी’ आणि ‘कर्ज’ बोलताय म्हणून लिहिते. माझं सासर विमानतळात गेलेल्या गावांपैकी एका गावातलं. दहा गावं उठली. मोबदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड.

मंदी विमानतळ बंद पाडते की नाही माहीत नाही, लांबवते हे नक्की. केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची. पाठोपाठ २००८ आलं आणि घरासमोर रोज उभे राहणारे दलाल एका पावसाळ्यात दिसेनासे झाले. पर्यावरणाची परवानगी २०१० मध्ये, कंत्राट २०१७ मध्ये जीव्हीकेला, पायाभरणी २०१८, मग करोना, मग २०२१ मध्ये अदानींकडे, उद्घाटन ऑक्टोबर २०२५. या मधल्या काळात दिरानं एअरपोर्टची नोकरी लागेल म्हणून कोर्स केला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलं, आणि आता त्याचा मुलगा कॉलेजात जातोय. उलव्याची टेकडी फोडायला सुरुंग लावायचे तेव्हा फळीवरची भांडी हलायची. सासूबाई भांडी आधीच खाली उतरवून ठेवायच्या, भोंगा झाला की दोन मिनिटांनी परत वर.

आम्हाला मंदीची भीती वेगळी आहे. पुढचे टप्पे. नऊ कोटी प्रवाशांचं स्वप्न पूर्ण झालं तर नोकऱ्या. टप्पा लांबला की आणखी एक पिढी लॅमिनेशन करणार.

ठाणेदार_१९७०
उत्तम प्रतिसाद. निदान प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव विमानतळाला द्यायचा ठराव तरी राज्याने केला. बाकी सगळे विमानतळ एकाच उद्योगपतीला देण्याचं कारण...

(पुढचे सात प्रतिसाद विषयाशी संबंधित नसल्याने काढून टाकले आहेत. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. – संपादक मंडळ)

घोडबंदरचा_राजा
अरे! चहा करायला उठलो आणि मेजवानी संपली.

टर्मिनल_ताई
धाग्याच्या सुरुवातीला विचारलं होतं, आधी मार कुणाला बसतो? ऑक्टोबर २००८ मध्ये जेटने एका झटक्यात आठशेच्या आसपास कर्मचाऱ्यांना काढलं. युनिफॉर्ममधली रडणारी मुलं-मुली सगळ्या चॅनलवर दिसली, राजकीय पक्ष उतरले आणि दोन दिवसांत सगळे परत कामावर. ती बातमी झाली, कारण युनिफॉर्म होता.

आम्ही कंत्राटदाराकडची माणसं. सामान चढवणारे, ट्रॉल्या ओढणारे, व्हीलचेअर ढकलणारे. आम्हाला कुणी काढत नाही. आधी नाइट शिफ्ट कमी होतात, मग ‘उद्या नको, फोन करतो’. खरं कळतं पासवरून. बीसीएएस या विमान सुरक्षा खात्याच्या पासाशिवाय गेटच्या आत पाऊल टाकता येत नाही. सुपरवायझरने ‘रिन्यूअलला द्यायचाय, पास जमा कर’ म्हटलं आणि पंधरा दिवसांत परत आला नाही, की समजायचं. मी ज्या कंत्राटदाराकडे होते तिथे एका खोक्यात रबरबँड लावलेले पास होते. गठ्ठा जाड होत गेला तसे आम्ही जेवायला बसताना कमी होत गेलो. पीएफचे पैसे काढायला वर्ष लागलं.

प्रवाशाला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त बॅग यायला पंधरा मिनिटं जास्त लागतात.

क्युबिकल_ऐरोली
ताई, यापुढे बेल्टजवळ उभं राहून घड्याळ बघताना आठवेल.

वाशीचा_हापूस
काकांनी माल म्हटलं म्हणून. आंबा विमानाने जातो त्यातला बराचसा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो, वेगळ्या कार्गो विमानातून नव्हे. आखाताची, लंडनची विमानं कमी झाली की आंब्याची जागा गेली. २०२० च्या मोसमात तेच झालं. जागा नाही, जी आहे तिचा रेट आकाशात. अमेरिकेचा आंबा तर सलग दोन मोसम बंद राहिला, कारण तपासणीला तिथले अधिकारीच येऊ शकले नाहीत. त्यामुळे प्रवाशांची मंदी आम्हाला पेटीच्या भावात दिसते. अवांतर आहे, पण राहवलं नाही.

पिवळी_पाटी
मी धंद्यातला आहे, म्हणून मेहुण्यांसाठी लिहितो. बाकी सगळे विद्वान आहेत, मी फक्त गाडीपुरतं बोलतो.

क्युबिकलसाहेबांनी जी सोमवारची पहाट सांगितली तीच आमची भाकरी. साडेचारला घरून उचलायचा, रात्री त्यालाच आणायचा. एक बॅग, घासाघीस नाही, बिल कंपनीला. गोव्याला जाणारं कुटुंब वेगळं. चार बॅगा, एक आजी, आणि अर्ध्या वेळा सोडायला मेहुणाच येतो स्वतःच्या गाडीतून. (माफ करा तलावपाळी.) मंदीत टर्मिनलवर गर्दी तेवढीच दिसेल, पण तुमचं गिऱ्हाईक त्यात नसेल. म्हणून वहीत दोन कोटी लिहून काही होत नाही.

दुसरं, रिकामा परतीचा फेरा. सहारहून ठाण्याला परत येताना भाडं मिळायची शक्यता बरी. उलव्याहून रात्री एक वाजता कळव्याचं भाडं मिळेलच असं नाही, आणि ॲपवाले कमिशन कापणारच. अटल सेतूने कुणी दक्षिण मुंबईला न्या म्हटलं तर टोल कोण देणार ते आधी ठरवा.

तिसरं, हप्ता. २०२० मध्ये २५ मार्चपासून २५ मेपर्यंत देशात प्रवासी विमानंच नव्हती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण व्याज चालू होतं. माझ्या ओळखीतल्या दोन गाड्यावाल्यांपैकी ज्याची एक गाडी शाळेला आणि एक विमानतळाला होती, त्याच्या दोन्ही बसल्या. ज्याने एकीवर एपीएमसीतून (वाशीच्या घाऊक बाजारातून) भाजी मारली तो तरला. करोना म्हणजे मंदी नव्हे, पण गाडीला काय फरक पडतो?

निवांत_नेरूळ
पिवळी पाटी, चार गाड्यांचा माझा सल्ला मी दोनवर आणतो.

तलावपाळी
सगळ्यांचे आभार. काल मेहुण्यांना संपूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. सियुदाद रेआलला हसले, ताईंच्या प्रतिसादाला गप्प झाले (कारखान्यात त्यांच्या खात्यातले कंत्राटी लोक त्यांच्याही आधी गेले होते), आणि पिवळी पाटींच्या पहिल्या परिच्छेदाला पेन मागितलं.

सध्याचा निर्णय : एकच गाडी, सीएनजी, कर्ज अर्ध्याच रकमेचं. महापे-ऐरोलीच्या दोन कंपन्यांकडे रात्रपाळीच्या स्टाफला सोडायचं काम मिळतंय का ते बघणार, विमानतळ वरकड म्हणून. त्यांची बायको म्हणते, एक तरी कशाला. तो वाद त्यांच्या घरात चालू आहे, मी मध्ये पडत नाही.

कार्गोकाका, एकच राहिलं. मालात आधी दिसतं म्हणालात. आमच्यासारख्याला ते बघायचं कुठे? कार्गो गेटबाहेर जाऊन ट्रक मोजायचे का?

कार्गोकाका
गरज नाही. मुंबई विमानतळाची मालवाहतूक वर्तमानपत्रात येते, विमानतळ प्राधिकरण दर महिन्याला सगळ्या विमानतळांचे आकडे संकेतस्थळावर टाकतं. प्रवासी, विमानं, माल अशी तीन वेगवेगळी पत्रकं असतात. सगळे प्रवाशांचं उघडतात, तुम्ही मालाचं उघडा. एक महिना घसरला तर सोडून द्या, मोसमाचा फरक असतो, आंबा असतो, दिवाळी असते. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. सलग तीन-चार महिने खाली दिसला तर दुसरी गाडी घ्यायचा विषय काढू नका.

पिवळी_पाटी
आणि रात्रपाळीच्या कामात पैसे ६० दिवसांनी मिळतात. आधी लेखी घ्या. डिझेल-सीएनजी रोखीने, बिल दोन महिन्यांनी, इथे जास्त लोक बुडालेत मंदीपेक्षा.

घोडबंदरचा_राजा
तलावपाळी, मेहुण्यांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या महिन्यात पहाटेचं विमान आहे, नवी मुंबईहून. चार बॅगा आणि एक आजी.